पाचव्या प्रश्नाचं उत्तर

"पण सर, बायकोला मागं कशाला चालायला लावलं त्यानं?"

पाचवी 'ब'च्या शेवटच्या बाकावरून हरिओमनं विचारलं आणि महांतेश सरांचा खडू फळ्यावरच थांबला. या हरिओमचं एक होतं. अभ्यासाचं विचारलं की जमिनीकडे बघायचा, आणि जे विचारायचं नसतं ते नेमकं त्यालाच सुचायचं.

"माणसाला हात दोनच असतात," पुढच्या बाकावरची स्वप्नाली म्हणाली. "एक हात बापाला, एक हात पोराला. तिसरा कुठून आणील?"

"मग पुढं घालायची की तिला. आमचा आज्जा शेरडं पुढं घालून चालतोय. मागं राहिलेलं जनावर आपलं न्हाई म्हणतोय."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "उताऱ्यात काय लिहिलंय तेवढंच बघ, हरिओम," ते म्हणाले. "उताऱ्याबाहेरचं आपल्याला काय करायचंय? बाकीचे प्रश्न घरून सोडवून आणा, सोमवारी तपासू." तेवढ्यात घंटा झाली म्हणून बरं, नाहीतर पोरगं गप्प बसणाऱ्यातलं नव्हतं.

महांतेश सर अहमदपूरच्या या शाळेत चौदा वर्षं मराठी शिकवत होते. शिष्यवृत्तीच्या तासाला उतारा-आकलन त्यांच्याकडे असे. म्हणजे दहा ओळी वाचायच्या आणि खालच्या पाच प्रश्नांची उत्तरं द्यायची. पहिल्या वर्षी पालकसभेत त्यांनी "तुमच्या पोराचा उतारा कच्चा आहे" म्हणून सांगितलं, तर एक पालक हात जोडून उभे राहिले. "सर, तलाठी जाग्यावर न्हाई. पुढच्या हप्त्यात काढून आणतो."

पोरांचा खरा घोळ वेगळाच होता. ती वाचायचीच नाहीत. बिरबल आला की उत्तर पाठ, कावळा माठापाशी बसला की उत्तर पाठ. पाणी वर यायच्या आत पोरं वही मिटून मोकळी. पालथ्या घड्यावर पाणी घालून घालून सर बेजार झाले. मग तीन वर्षांपूर्वी वाचनालयात त्यांना एक कव्हर नसलेलं जुनं पुस्तक सापडलं, रोम नावाच्या शहराच्या दंतकथांचं. त्यांच्या मनात आलं, हे बेस आहे. रोम काही अहमदपुरात कुणाच्या आजीला ठाऊक नाही, त्यामुळे पोरांना झक मारत वाचावंच लागेल.

आणि पोरं वाचू लागली की. लांडगीण दोन जुळ्या पोरांना दूध पाजते, हे वाचून आठ दिवस वर्गात भांडण चाललं होतं. एकट्या शिपायानं शत्रू पुलावर अडवला आणि मागं सोबत्यांनी पूल पाडला, तर हरिओम म्हणाला, "ग्रामपंचायतीनं बांधला असता तर पाडायची गरजच न्हवती, सर." नांगर हाकणाऱ्या शेतकऱ्याला शेतातून उचलून सेनापती केलं, त्यानं लढाई जिंकली आणि सोळाव्या दिवशी परत येऊन नांगर धरला, असा एक उतारा होता. त्याच्यावर तर सगळा वर्गच हळहळला. सोळा दिवसांत पेरणीचा वाफसा गेला असेल म्हणाले.

एक गोष्ट मात्र सरांनी तीन वर्षं पुस्तकातच ठेवली होती. तीच त्यांनी या जानेवारीत बाहेर काढली. रोम वसवणाऱ्यांच्या मूळपुरुषाची गोष्ट. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून झेरॉक्स काढल्या.

"ट्रॉय नगरीला आग लागली होती. एनिअसचे वडील वृद्ध होते. त्यांना चालता येत नव्हते. एनिअसने त्यांना खांद्यावर घेतले, लहान मुलाचे बोट धरले आणि पत्नी क्रेऊसा हिला मागून येण्यास सांगितले. अंधारातून वाट काढीत ते वेशीबाहेर पडले. एका जुन्या देवळापाशी पोहोचल्यावर एनिअसने मागे वळून पाहिले. क्रेऊसा नव्हती."

खाली पाच प्रश्न. पाचवा असा, की 'एनिअसने वाटेत एकदाही मागे वळून का पाहिले नाही?'

'अ' तुकडीला हाच उतारा देणाऱ्या चंद्रप्रभा मॅडमनी कागद वाचला आणि चष्म्यावरून बघितलं. मॅडम मूळच्या नांदेडच्या, तोंडावर बोलणाऱ्या. "सर, पाचव्याचं उत्तर उताऱ्यात नाहीये."

"असू द्या. पोरांनी डोकं चालवावं."

"तुम्हीच तर सांगता, उताऱ्याबाहेरचं लिहिलं की शून्य."

"एवढा एक असू द्या, मॅडम."

पोरांनी डोकं चालवावं हे झालं सांगायचं कारण. खरं कारण साक्षी होती. सरांची मुलगी साक्षी यंदा पाचवीत आली होती, मॅडमच्या वर्गात, आणि तिला एक सवय होती. प्रत्येक उतारा ती संध्याकाळी आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवायची.

आता हे आजोबा, म्हणजे सरांचे वडील, गुरुलिंगअप्पा. महांतेश सहा वर्षांचा होता तेव्हा त्यांच्या भागात भूकंप झाला. गणपती बुडवून गाव झोपलं होतं. पहाटे चार वाजेपर्यंत गाव राहिलं नाही. दगडामातीच्या भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद, सगळं माणसांवर आलं. अप्पांनी खाटेवरच्या आपल्या बापाला पाठीवर घेतलं, महांतेशचं मनगट धरलं आणि ते दाराबाहेर पडले. महांतेशची आई रत्नम्मा मागं होती. ती आली नाही. पाठीवर आणलेला आज्जासुद्धा महिनाभराच्या आत गेला.

मग अप्पांनी पोराला देगलूरला आत्याकडं ठेवलं. दहावीपर्यंत तो तिथंच वाढला. अप्पा महिन्यातून एकदा यायचे, ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे आणि परतीच्या गाडीनं जायचे. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, मग सरकारनं बांधून दिलेल्या नव्या गावात राहिले, शेती केली. तीन वर्षांपूर्वी गुडघे गेले तेव्हा सरांनी त्यांना अहमदपूरला आणलं. लेकानं आणलं खरं, पण एका घरात राहून दोघांचं बोलणं दूधवाला आला का आणि लाइट कधी गेली एवढंच. सरांना एकच विचारायचं होतं, आणि ते एकतीस वर्षं त्यांच्या घशात अडकून बसलं होतं. अप्पा, तुम्ही मागं वळून का नाही बघितलं? तुमचा बाप पाठीवर होता, मी हाताला होतो. माझ्या आईकडं एकदा बघायला काय झालं होतं?

स्वतः विचारायची छाती झाली नाही म्हणून त्यांनी उतारा काढला. लेकीच्या तोंडून बापाला विचारायचा डाव होता तो. डाव चांगला नव्हता, हे त्यांनाही कळत होतं.

त्या शुक्रवारी दिवेलागणीला अप्पा दिवाणावर बसले होते आणि साक्षी खाली मांडी घालून. स्वयंपाकघरात सरांची बायको शिल्पा भाकरी थापत होती. सर आतल्या खोलीत वह्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले होते आणि एकही वही उघडत नव्हते.

"आजोबा, आजचा भारी आहे. ऐका."

"वाच. मागच्या बारीला ते नांगराचे बैल कुणी सोडले ते सांगितलंच न्हाई तू."

"ते उताऱ्यात नव्हतं, आजोबा." साक्षी वाचायला लागली. आग लागली, वडील वृद्ध होते, त्यांना खांद्यावर घेतले.

"पाठीवर," अप्पा म्हणाले.

"खांद्यावरच लिहिलंय."

"लिहू दे. म्हाताऱ्या माणसाला खांद्यावर घेत न्हाईत, तोल जातोय. पाठीवरच घ्यावं लागतंय, अन् त्याचे हात आपल्या गळ्यात बांधावे लागत्यात."

साक्षीनं पुढं वाचलं. क्रेऊसा नव्हती, इथपर्यंत वाचून ती प्रश्नांवर आली. पहिले चार तिनं स्वतःच पटापट सोडवले. मग पेन्सिल तोंडात धरून म्हणाली, "पाचवा नाही सापडत. एनिअसने वाटेत एकदाही मागे वळून का पाहिले नाही? सांगा ना, आजोबा."

स्वयंपाकघरातलं थापणं थांबलं.

"त्यो कशाला बघंल मागं," अप्पा सावकाश म्हणाले. "ती म्हणली, व्हा पुढं, बंदे."

"बंदे म्हणजे?"

"आले. आलेच. कानडीत बंदे म्हणत्यात."

"क्रेऊसा कानडी बोलायची?"

"घाई असली की बोलायची." अप्पांनी तिच्याकडं तोंड वळवलं. "आता हे बघ. तू तुझ्या आईला हाक मारलीस की ती काय म्हणती? आले म्हणती. आलेली असती का? न्हाई. चुलीपाशीच असती. पर आपण धरून चालतो, आली म्हणून. आले म्हणलेल्या माणसाकडं कोण वळून बघतंय, साक्षी?"

"पण व्याकरणात तो भूतकाळ आहे. आले म्हणजे येऊन झालं."

"व्हय. येऊन झालं."

साक्षीनं ते लिहून घेतलं. शब्द जुळवत, ओठ हलवत. मग तिनं वर बघितलं. "आलेच म्हणाली, तर मग आली का नाही? कशासाठी थांबली ती?"

"उताऱ्यात हाय का ते?"

"नाही."

"मग न्हाई लिहायचं. शून्य देत्यात म्हणून तूच सांगितलंस न्हवं मला. वही मिट आता, जेवून घे."

आत सरांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. बंदे. आईचा आवाज त्यांना आठवत नव्हता, पण हा शब्द ऐकल्याबरोबर तो कुठल्या चालीत म्हटला जायचा ते कानात आलं. एका शब्दानं एकतीस वर्षांचा राग अर्धा उतरला. राहिलेल्या अर्ध्याला मात्र त्या दिवसापासून चैन पडेना. बाहेर पडता पडता ती थांबली कशासाठी?

शनिवार कसाबसा गेला. रविवारी सकाळी अप्पा गच्चीवर उन्हाला बसून हरभऱ्याचे डहाळे सोलत होते. सर वर गेले, थोडा वेळ उभे राहिले आणि मग प्रस्तावना न करता विचारून बसले.

"अप्पा, अव्वा कशासाठी थांबली होती?"

अप्पांचे हात थांबले नाहीत. घाटा फोडायचा, दाणा ताटलीत, टरफल बाजूला. पाच-सहा घाटे झाले तेव्हा ते म्हणाले, "काठीसाठी."

"कसली काठी?"

"माज्या बाबाची. दारामागं हुती. म्या म्हणलं, तेवढी घिऊन ये."

"तुम्ही म्हणालात?"

"व्हय. म्याच."

सरांना वाटलं होतं, उत्तर मिळालं की मोकळं वाटेल. कसलं मोकळं. डोक्यात जाळच झाला. "काठी?" ते म्हणाले. "बाभळीच्या एका काठीपायी माझी आई घालवली तुम्ही?"

"चुकलंच ते."

"आणि आज्जा तरी किती टिकला? दिवाळी बघितली नाही त्यानं. तुम्ही तुमच्या बापाचं बघितलंत, त्याच्या काठीचंही बघितलंत. तिचं नाही बघितलं." शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई आत निघून गेली तरी सरांचा आवाज खाली येईना. "तिच्या जागी तुम्ही राहायला पाहिजे होतं अप्पा."

अप्पांनी मान वर केली. रागाचं काही नव्हतं त्यांच्या चेहऱ्यावर.

"मलाबी तसंच वाटतंय," ते म्हणाले.

मग ताटलीतले दाणे त्यांनी धोतराच्या सोग्यात घेतले, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि एकेक पायरी धरत खाली गेले. सरांना खालून त्यांचा आवाज ऐकू आला. शिल्पाला सांगत होते, सोलाण्याची आमटी करणार होतीस न्हवं बाई, हे घे.

सोमवारी दुसऱ्या तासाला 'ब' तुकडीत उतारा तपासायला घेतला. सरांना रात्री झोप नव्हती आणि सकाळी ते अप्पांकडं न बघताच घरातून निघाले होते.

"प्रश्न दुसरा. एनिअसने वडिलांना खांद्यावर का घेतले? स्वप्नाली."

"कारण ते वृद्ध होते व त्यांना चालता येत नव्हते."

"बरोबर. बसा."

"आमच्या तात्यानं शेरभर प्रश्न विचारले सर ह्याच्यावर," हरिओम मागून म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. "म्हणला, उचलायची काय गरज. म्या सांगितलं, चालता येत असतं तर काठी दिली असती की हातात. चालताच येईना, मग काठी घिऊन काय करतोय म्हातारा."

सरांनी हरिओमकडं असं बघितलं की पोरगं घाबरून खाली बसलं.

राग आला की माणूस निम्म्या ओळी गाळून वाचतो. दुसऱ्यांच्या पोरांना बारा महिने 'नीट वाचा, नीट वाचा' म्हणणाऱ्या माणसानं घरचाच उतारा नीट वाचला नव्हता. आज्जाला लकवा झाला होता. महांतेशला समजायला लागलं तेव्हापासून तो खाटेवरच होता, एक बाजू गेलेली, वाचाही गेलेली. जेवण भरवायला लागायचं त्याला. अशा माणसाची काठी दारामागं कशाला राहील, आणि घर पडत असताना ती कोण आणायला सांगेल?

म्हणजे अप्पा खोटं बोलले. पण खोटं बोलून माणूस अंगावरचं झटकतो, अप्पांनी तर अंगावर घेतलं होतं. कुणाचं घेतलं? दाराबाहेर त्या वेळी तिघंच होते. आज्जाला बोलताच येत नव्हतं. अप्पांनी काही सांगितलं नव्हतं. राहिला तिसरा.

"मनात वाचा," असं वर्गाला सांगून सर व्हरांड्यात आले आणि त्यांनी शिल्पाला फोन लावला.

"मामा आत्ताच गेले स्टँडवर," शिल्पा म्हणाली. "गावाकडं जाऊन येतो म्हणले. मी म्हटलं, जेवून तरी जा, तर म्हणले लातूरची गाडी चुकंल. अहो, काल काय झालं वर? सगळी धोतरं नेली त्यांनी. एकसुद्धा ठेवलं नाही."

चंद्रप्रभा मॅडम समोरून येत होत्या. सरांनी त्यांना एवढंच सांगितलं की अप्पा निघालेत, माझा वर्ग बघा. मॅडमनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि काही विचारलं नाही. "जा तुम्ही," म्हणाल्या.

स्टँडवर लातूरच्या फलाटापाशी सिमेंटच्या बाकावर अप्पा बसले होते. दोन्ही पायांच्या मधे पिशवी, पिशवीवर हात. सर धापा टाकत शेजारी जाऊन बसले. अप्पांनी त्यांच्याकडं बघितलं आणि परत फलाटाकडं बघायला लागले.

"शाळा सोडून कशाला आलास?"

"आज्जाला चालता येत नव्हतं, अप्पा."

"व्हय."

"मग काठी कशाला?"

एक नांदेड गाडी आली, माणसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला लागली. ती गाडी जाईपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.

"माझ्यासाठी थांबली का ती?" सरांनी विचारलं.

"कोण म्हणलं तुला?"

"कुणी नाही."

"मग कशाला उकरून काढायलास."

"अप्पा, मी सदतीस वर्षांचा झालो. सांगा."

अप्पांनी पिशवीच्या बंदाला एक गाठ मारली, सोडली, परत मारली. "पिपाणी," ते म्हणाले. "गणपतीत घिऊन दिली हुती तुला. झोपताना दाराजवळच्या कोनाड्यात ठिवली हुतीस. भिंत फुटली तसं म्या बाबाला पाठीवर घेतलं अन् तुला वढलं, तर तू दारात पाय रोवलास. माजी पिपाणी म्हणून वरडायलास. हालंनाच. ती म्हणली, व्हा पुढं, बंदे. हात पुरंल एवढ्यावर हुती रे पिपाणी. म्या चार पावलं टाकली असतील."

सरांनी आठवायचा फार प्रयत्न केला. पिपाणीचा रंग, कोनाडा, दार, स्वतःचं ओरडणं. काहीच आलं नाही. अंधार, चिखल आणि अप्पांनी करकचून धरलेलं मनगट, एवढंच पूर्वीपासून होतं आणि तेवढंच आताही होतं. आपल्या हातून झालेली सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याला आठवतसुद्धा नाही, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की रडूही येईना.

"इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"काय सांगू? सा वर्षांचं लेकरू हुतास. लेकरानं पिपाणी न्हाई मागायची तर काय मागायचं?" अप्पा फलाटाकडंच बघत होते. "दोन दिवस उकरत हुतो आम्ही. तवा चार माणसांत बोलून बसलो म्या, पिपाणीचं. मग फिकीर लागली. गावात राहिलास तर कुणीतरी कधीतरी तुला म्हणंल. माणसाच्या तोंडाला झाकण न्हाई. म्हणून देगलूरला ठिवलं तुला."

सरांना वाटत आलं होतं की बायको गेली आणि पोराचं लोढणं नको म्हणून अप्पांनी त्यांना आत्याच्या दारात नेऊन सोडलं. तेही त्यांनी मनात जपून ठेवलं होतं, काठीच्या आधीपासून.

"मी काल काय काय बोललो तुम्हाला."

"बोललास ते बरं झालं."

"कसलं बरं, अप्पा?"

"माज्यावर राग धरलास म्हणून शिकलास, नोकरीला लागलास, संसार केलास. सवतावर धरला असतास तर?" अप्पांनी पहिल्यांदा मान वळवून लेकाकडं नीट बघितलं. "म्हणून काठीचं सांगितलं. पर म्या काय शिकलेला हाय? चौथी झालेला माणूस. जुळलं न्हाई ते."

सर रडले. चांगले मोठे, चाळिशीला आलेले सर, भर स्टँडवर, रुमालात तोंड घालून. पलीकडच्या बाकावरच्या बायकांनी बघितलं आणि कुणीतरी गेलं असेल असं समजून नजर वळवली. तसं ते खोटंही नव्हतं.

"मला तिचं तोंड आठवत नाही," थोड्या वेळानं सर म्हणाले. घरातला एकही फोटो वाचला नव्हता. "तुम्हाला तरी दिसते का?"

"पैलं दिसायची. डोळे मिटले की समोर. आता दोन-तीन सालांपास्नं मलाबी दिसंना गेली." अप्पा हे अगदी हळू बोलले. "हात दिसत्यात. भाकरी थापताना बांगड्या वर सारायची, ते दिसतंय. तोंडच हारपलं. कुणाला विचारावं तर ती माणसंबी न्हाईत आता."

"उंच होती का?"

"न्हाई. लई न्हाई."

लातूरची गाडी फलाटाला लागली. अप्पा उठले आणि पिशवी न घेताच उभे राहिले. त्यांनी आडवा तळहात स्वतःच्या खांद्यापाशी नेला, जरा विचार केला आणि मान हलवली. "म्या वाकलोय आता, माजं माप चुकंल," ते म्हणाले. "तू उभा राहा. मी तवा तुज्याएवढा हुतो."

सर उभे राहिले. अप्पांनी तोच हात त्यांच्या खांद्याला टेकवला, बोटभर खाली घेतला, परत किंचित वर केला.

"हितवर यायची."

कंडक्टरनं "लातूर, लातूर" म्हणून दोनदा हाक दिली. अप्पांनी हात काढला नाही आणि सर हलले नाहीत.